वजनदार आप्तेष्ट

लग्न ठरले, देण्याघेण्याचा विषय उभय पक्षांनी 'आमच्याकडे तसले काही नसते' असे म्हणत म्हणत यथासांग उरकला, याद्यांवर सह्या झाल्या आणि साखरपुड्याच्या पेढ्यांचा शेवटचा पुडा शेजारच्या बिऱ्हाडात पोचला, की हल्ली वरपित्यापुढे एक असा प्रश्न येऊन उभा राहतो, की जो त्याच्या वडिलांना, आजोबांना, किंवा पत्रिकेच्या शिरोभागी 'कै.' या उपाधीसह विराजमान होणाऱ्या कोणाही पूर्वजाला हयातीत कधी पडला नव्हता: पत्रिका किती एमबीची झाली?

पत्रिकेला वजन पूर्वीही होते; परंतु ते टपालखात्याच्या तराजूत पडे आणि जास्त भरलेच तर थोड्या जादा तिकिटाने त्याचे परिमार्जन होई. छापील मजकुराला बुकपोस्टाची सवलत असे, तिच्यासाठी पाकीट उघडे ठेवावे लागे, आणि त्या उघडेपणाचा लाभ घेऊन मूळ धन्याच्या आधी पोस्टमन, तळमजल्यावरचे बिऱ्हाडकरू आणि जिन्यातले एखादे सेवानिवृत्त गृहस्थ पत्रिका साद्यंत वाचून मोकळे होत. हळदीकुंकवाची चार बोटे कोपऱ्यांना लागली की दस्तऐवज पुरा झाला. त्या बोटांचे वजन कोणी धरीत नसे.

आता पत्रिका पीडीएफ असते. छापील प्रती अजूनही निघतात, परंतु त्या देवापुढे ठेवायला, व्याह्यांच्या हाती द्यायला आणि ज्यांच्या घरी स्वतः जाऊन पाया पडल्यावाचून पुढे दहा वर्षे ऐकून घ्यावे लागते अशा मोजक्या कडक मंडळींपुरत्या. उरलेल्या सकल सोयऱ्याधायऱ्यांना निमंत्रण जाते ते व्हॉट्सॲपवरून, आणि गावाकडच्या ज्या काकांचा फोन नातवंडांच्या चित्रफितींनी आधीच ओसंडून गेलेला असतो, त्यांच्याकडे ते अर्ध्यावर अडून गरगर फिरत राहते.

कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेला लागलेली लोकल शहाड सोडून आंबिवलीस येते आणि त्यापुढचे स्थानक टिटवाळा. टिटवाळ्याच्या महागणपतीच्या कृपेने अडलेले विवाह जुळतात अशी पंचक्रोशीची, किंबहुना पंचक्रोशीबाहेरचीही, जुनी श्रद्धा आहे. तेव्हा लग्न जुळविण्याचे खाते टिटवाळ्याकडे आणि जुळलेले लग्न कागदावर मांडण्याचे खाते अलीकडच्या आंबिवलीकडे, अशी कामाची वाटणी रेल्वेनेच करून ठेवली असावी असे वाटते. शिवाय मोठी वस्तू बारीक छिद्रातून बाहेर काढण्याची विद्या या भागाला नवी नाही. लगतच्या मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआरसीचा, कारखाना होता. लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवायचा, तो दाट द्रव सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून आम्लाच्या कुंडात दाबून सोडायचा आणि पलीकडून रेशमासारखा चमकणारा धागा ओढून घ्यायचा, असे तेथले काम. 2009 साली कारखाना बंद पडला, कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकली, आणि छिद्रातून काढण्याचा हा उद्योग स्टेशनरस्त्यावरच्या संगणकाच्या गाळ्यांकडे आला. फरक इतकाच, की लगदा तक्रार करीत नसे. लगद्याला मामा, आत्या आणि जावई नसतात.

अशा एका गाळ्यात, जेथे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबाऱ्याचा उतारा, फ्लेक्स आणि लग्नपत्रिका ही सर्व कामे एकाच खुर्चीवरून चालतात, प्रस्तुत लेखकास आपल्या दाखल्याच्या छायाप्रतींची वाट पाहत दीर्घकाळ बसण्याचा योग आला. खुर्चीवरच्या तरुणास परिसर 'डिझायनर' म्हणतो. तो कोरलड्रॉ नावाच्या आज्ञावलीत काम करतो. ही आज्ञावली 1989 साली कॅनडातील ओटावा येथे जन्माला आली. पण जन्मगाव कुठलेही असो, आपल्याकडच्या छापखान्यांत ती अशी काही नांदली की 'सीडीआर फाईल द्या' हे वाक्य आता वरपितेही सहज उच्चारतात, त्याचा अर्थ न विचारता.

त्याच्या समोर बसलेल्या वरपित्याची पत्रिका आठ पानांची होती. पहिल्या पानावर श्रीगणेश, त्याखाली आई एकवीरा प्रसन्न, मग चि. आणि चि. सौ. कां. यांची अर्धाकृती छायाचित्रे. दुसऱ्यावर हळदीचा स्वतंत्र समारंभ, कारण या भागात हळद हा विवाहाचा उपविधी नसून विवाह हाच पुष्कळदा हळदीचा उपविधी असतो. आणि तिसऱ्या पानापासून निमंत्रक, स्नेहांकित, व्यवस्थापक, कार्यवाह, विशेष उपस्थिती, समस्त ग्रामस्थ मंडळ, आणि सरतेशेवटी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अशी लडिवाळ विनंती करणारी बालसेना. यांतील बहुतेकांचे छायाचित्र होते. ज्यांचे नव्हते त्यांचे ते येणार होते, आणि ते आल्यावाचून पत्रिका पाठवू नये असा त्यांचा निरोप होता.

"काका, अठ्ठेचाळीस एमबी झालीय," डिझायनर म्हणाला.

"मग कमी करा ना, दादा. नावं मात्र एकही काढायचं नाही."

येथे नावांची बाजू मांडणे अवश्य आहे, कारण त्यांच्यावर आळ येतो तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. मराठी अक्षरचिन्ह संगणकाच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीने लिहिले तर साधारणतः तीन बाइट घेते. दोनशे नावे धरा, प्रत्येकास वीस चिन्हे द्या, उपाधीही आल्या असे माना; सगळी भाऊबंदकी मिळून बारा हजार बाइटांत, म्हणजे एका एमबीच्या जेमतेम ऐंशीव्या हिश्शात, गुण्यागोविंदाने मावते. इतक्या थोड्या जागेत ही मंडळी प्रत्यक्षात कधी मावल्याचा दाखला नाही.

परंतु नावे नावे म्हणून राहत नाहीत. मराठी डीटीपी वाढली ती श्रीलिपीसारख्या संचांवर, त्यांची अक्षरांच्या क्रमांकांची वहिवाट प्रत्येकाची निराळी, आणि एका यंत्रावरचा 'ज्ञानेश्वर' दुसऱ्या यंत्रावर फाँट नसल्यास इंग्रजी चिन्हांचा चिखल होऊन उमटे. म्हणून छापखान्याने एक शिरस्ता पाडला, की मजकूर 'कर्व्ह करून' द्यावा. कर्व्ह केले की अक्षर हे अक्षर न राहता केवळ आकृती होते, तिच्या प्रत्येक वळणाचे बिंदू संगणक मांडून ठेवतो. फाँट जर पीडीएफच्या पोटात घातला, आणि तोही पुरता न घालता पत्रिकेत वापरलेल्या अक्षरांपुरताच घातला, तर 'श्री' एकदाच काढून ठेवलेला असतो आणि प्रत्येक गृहस्थापुढे त्याच्याकडे नुसते बोट दाखविले जाते. कर्व्ह केल्यावर मात्र दोनशे गृहस्थांना दोनशे श्री स्वतंत्रपणे कोरून मिळतात. छापणाऱ्याच्या दृष्टीने हे निर्धोक आहे, यात शंका नाही. पण फोनवर पाठवायच्या प्रतीलाही तेच कर्व्ह लागू करण्याचे कारण विचारले असता डिझायनरने जे उत्तर दिले, ते मामलेदार कचेरीपासून सर्वत्र ऐकू येते: आधीपासून तसेच करतात.

तरीही कर्व्हांचा गुन्हा किरकोळ. खरा भार चेहऱ्यांचा.

आजच्या सामान्य फोनवर काढलेले छायाचित्र तीन हजार ठिपके रुंद आणि चार हजार ठिपके उंच, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे असते. पत्रिकेत काकांना जागा मिळते ती एक इंच रुंदीची. उत्तम छपाईस इंचाला तीनशे ठिपके पुरतात, तेव्हा काकांचे कागदावर काम भागते ते तीनशे गुणिले चारशे, एकूण एक लाख वीस हजार ठिपक्यांत. गुणोत्तर काढले तर असे दिसते, की पत्रिकेत काकांचा एक टक्का दिसतो आणि नव्व्याण्णव टक्के काका, कोणाच्याही दृष्टीस न पडता, नुसते वजन देण्यासाठी उपस्थित असतात. अशी उपस्थिती आपण प्रत्यक्ष कार्यांतही पाहिली आहे. फोनच्या पडद्यापुरते पाहायचे तर इंचाला दीडशे ठिपके विपुल झाले, आणि येथे गणिताची कृपा अशी, की लांबी व रुंदी दोन्हीकडून घट होत असल्यामुळे तीनशेचे दीडशे केले तर ठिपके निम्मे न होता चौथाई होतात. ए-फोर आकाराचे पुरे पान तीनशेने भरले तर सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके होतात. छपाईच्या चार शाईंसाठी दर ठिपक्यास चार बाइट धरले तर साडेतीन कोटी बाइटांच्या घरात जाते, पडद्याच्या तीन रंगांवर आणले तर चौथा हिस्सा तेथेच गळतो. ही झाली दाबण्यापूर्वीची गोष्ट. म्हणजे रंग बदलला आणि ठिपके दीडशेवर आणले, एवढ्यानेच मूळ भाराचा पाचव्याहूनही कमी भाग उरतो.

दुसरा भार अधिक नाजूक आहे, आणि तो बोलून दाखविताना डिझायनरनेही आवाज खाली आणला. छायाचित्रे क्वचितच एकेकट्याची येतात. बहुधा ती कोणाच्या बारशात किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर काढलेल्या समूहचित्रातून आपल्या माणसापुरती चौकटीत बसविलेली असतात. कोरलड्रॉत याला पॉवरक्लिप म्हणतात. चौकटीबाहेरचे दिसत नाही, परंतु ते गेलेलेही नसते, झाकलेले असते. त्यामुळे ज्या धाकट्या बंधूंशी वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्यावरून बोलणे बंद आहे, ज्यांचे नाव पत्रिकेत येणार नाही असे भर बैठकीत ठरले आहे, ते मोठ्या बंधूंच्या शेजारी, चौकटीच्या आड, संपूर्ण ठिपक्यांनिशी आणि हसतमुखाने उभेच असतात. कोणा कुतूहलवंताने ती फाईल दुसऱ्या आज्ञावलीत उघडून चौकट सैल केली, तर कब्जा सोडल्याचे कबूल करूनही आत बसून राहिलेल्या कुळाप्रमाणे ते पुन्हा प्रगट होतात. उपाय सोपा आहे: पीडीएफ करण्याआधी चित्र खरोखरीचे कापावे. पण कापा म्हटल्यावर वरपित्याच्या मुद्रेवर जे भाव उमटले त्यांवरून असे अनुमान निघाले, की बंधूंना झाकण्याची त्यांची तयारी होती, कापण्याची नव्हती.

तिसरा भार सावल्यांचा. प्रत्येक मान्यवराच्या नावामागे मऊशी सावली हवी, असा आग्रह असतो. नावाला सावली पडली म्हणजे नाव कागदापासून किंचित वर उचलले जाते आणि ज्याला सावली नाही तो आपोआप जमिनीवर येतो. ही पारदर्शकता पीडीएफला मुळात ठाऊकच नव्हती. 2001 सालच्या 1.4 या आवृत्तीत तिला ती शिकविण्यात आली. त्याहून जुन्या धाटणीची पीडीएफ मागितली, आणि पुष्कळ छापखाने भीतीपोटी तीच मागतात, तर संगणक सावली व तिच्या आसपासचा मजकूर एकत्र वितळवून त्याचे भलेथोरले चित्र करून टाकतो. काही बाइटांचे नाव सावलीच्या हौसेपायी चित्र होते.

इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांच्या नशिबी आणखी एक गंमत असते. पीडीएफ जतन करताना तेथे 'संपादनक्षमता राखून ठेवा' अशा अर्थाची एक चौकट असते, आणि तिच्यावर खूण आधीच केलेली असते. ती राहू दिली, की पीडीएफच्या पोटात मूळ फाईलची एक संपूर्ण नक्कल जाऊन बसते; म्हणजे कचेरीतून बाहेर पाठविलेल्या प्रत्येक पत्रासोबत त्याची स्थळप्रतही त्याच पाकिटातून रवाना व्हावी तसे. खूण काढली की कित्येकदा फाईल तेथल्या तेथे निम्मी होते. एवढ्या एका खुणेपायी आजवर किती मंडळींनी रात्र जागून आपल्या मामांचे चेहरे धुरकट केले असतील, याचा विचार मन विषण्ण करतो.

आणि एवढे सारे करून पीडीएफ ईमेलने पाठवावी, तर जीमेलची मर्यादा पंचवीस एमबीची असली तरी, टपालात घालण्यासाठी फाईलचे अक्षरांत रूपांतर करावे लागते व त्यात ती एकतृतीयांशाने फुगते. घरातून एकोणीस एमबीची निघालेली पत्रिका दारातच पंचवीसची होते. टपालखात्याच्या तराजूने असा प्रकार कधी केला नव्हता.

या सगळ्याचा मूळपुरुष जॉन वॉर्नॉक. ॲडोबी कंपनीच्या या संस्थापकाने 1991 साली 'कॅमलॉट' नावाने एक मसुदा लिहिला. हेतू असा, की कोणत्याही यंत्रावर तयार केलेला कागद दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा. 1993 साली पीडीएफ बाजारात आली आणि 2008 साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाची सनद मिळाली. 'जसाच्या तसा' ही प्रतिज्ञा थोर खरी, पण तिच्या कर्त्याने बहुधा एका पानावर एकच माणूस कल्पिला असावा. समस्त ग्रामस्थ मंडळ त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते.

सुदैवाने उताराही उपलब्ध आहे, आणि त्याचा मान आपल्याच देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाकडे जातो, हे वरपित्यांच्या कानावर घातले पाहिजे. बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेत अध्यापन करीत असताना चित्रे दाबण्याची एक गणिती युक्ती त्यांना सुचली. 1972 साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदानासाठी अर्ज केला. कल्पना फारच साधी आहे अशा विचाराने तो नामंजूर झाला. त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 साली ते प्रसिद्ध केले. 1992 च्या जेपेग मानकाचा पाया ही युक्तीच आहे. तिच्या आधारे चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौरस पाडतात, प्रत्येक चौरसात डोळ्याला ठळक जाणवणारे चढउतार राखतात, आणि ज्या बारकाव्यांची डोळा फारशी दखल घेत नाही त्यांना निकालात काढतात. प्रकाशातला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितकासा नाही. म्हणून रंगाच्या तपशिलावर कात्री आधी चालते. माफक दाबले तर कोणाला कळत नाही. हावरटपणा केला तर मात्र मेंदीची नक्षी विरघळून नवरीचा हात हळदीने माखल्यासारखा दिसतो, अक्षरांच्या कडांना डास घोंगावल्यासारखा धुरळा येतो, आणि कपाळावरचे चौरस मोजता येतात.

आपण सुज्ञ लोक मात्र दाबण्याची ही कला नेमकी उलट्या जागी वापरतो. पत्रिकेसाठी फोटो पाठवताना तो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवतो, तेव्हा तो वाटेतच दाबला जाऊन पोचतो. आणि मामांच्या अशा दाबल्या गेलेल्या चेहऱ्याला डिझायनर पुन्हा ओढून ताणून मोठा करतो, म्हणजे तपशील गेलेला आणि भार परत आलेला. तीच गोष्ट फ्लेक्सची. दहा फूट गुणिले आठ फुटांच्या फलकाला गिऱ्हाईक इंचाला तीनशे ठिपके मागते. हिशेब केला तर एकशे तीन कोटींहून अधिक ठिपके आणि चार शाईंचे मिळून चारशे कोटींवर बाइट होतात. आणि पाहणारा उभा कोठे? नाक्याच्या पलीकडे, तीस फुटांवर, बसची वाट पाहत. सामान्य दृष्टीला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक कळतो. तीस फुटांवर त्याचे माप अडीच मिलिमीटरांहून किंचित जास्त भरते. इंचाला दहा ठिपके असले तरी साहेबांच्या मिशा त्याला सुरेख दिसतील. पण फलक वाचणाऱ्यासाठी लावलेला असतो, हा समजच मुळी भाबडा आहे. तो शुभेच्छुकांसाठी असतो, आणि प्रत्येक शुभेच्छुक स्वतःला एक वीत अंतरावरून पाहतो.

तात्पर्याच्या नादी न लागता गाळ्याकडे परत येऊ, कारण तेथे आता वाटाघाटींस तोंड फुटले होते. अठ्ठेचाळीसवरून आकडा खाली आणण्याचे सर्व मार्ग डिझायनरने शांतपणे मांडून दाखविले. वरपित्याने सावल्यांना ना म्हटले नाही, कर्व्हांची हरकत घेतली नाही, धाकट्या बंधूंचा विषय 'नंतर बघू' म्हणून तहकूब ठेवला, आणि चेहऱ्यांपाशी येऊन ते थांबले.

"दीडशे म्हणजे कमी झालं ना हो?"

"फोनवर फरक कळणार नाही, काका."

"कळणार नाही ते ठीक. पण जावईबापूंना तीनशेच ठेवा." थोडा विचार करून त्यांनी जोडले, "व्याह्यांनाही. आणि आमच्या मोठ्या मामांना. माजी सरपंच आहेत. ते झूम करून बघतात."

मग पानापानाने रुजुवात सुरू झाली. आत्या दोनशेवर मान्य झाल्या. धाकट्या मामांना दीडशे देण्याचे ठरले, तेव्हा वरपित्याच्या पत्नीचा फोन आला आणि ते तीनशेवर गेले. मोठ्या मेहुण्यांना तीनशे मिळाल्याचे कळल्यास मधले मेहुणे हळदीला येणार नाहीत, अशी शंका निघाल्यावरून मधल्यांनाही वाढवून देणे भाग पडले, आणि ग्रामस्थ मंडळाचा प्रश्न आला तेव्हा, एकाला कमी केले तर सगळ्यांना कळते, या अनुभवसिद्ध तत्त्वावर सबंध मंडळ तीनशेवर बढती पावले. बालसेना तेवढी बहात्तरवर राहिली. मुलांना काय कळते, असे वरपिता म्हणाले. परंतु त्या यादीत झूम करून पाहण्याची दोन बोटांची विद्या सर्वांत अधिक अंगात मुरलेले तेवढेच लोक होते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

डिझायनरने प्रत्येक हुकुमाला 'ठेवतो, काका' असे उत्तर दिले, एका चिठोऱ्यावर सर्व मानकऱ्यांचे आकडे उतरवून घेतले, आणि वरपिता समाधानाने चहा सांगायला उठल्यावर 'पब्लिश टू पीडीएफ' उघडून, इंचाला दीडशेच्या वर जे कोणी असेल त्यास सरसकट दीडशेवर आणणाऱ्या रकान्यात खूण केली. चिठोरे त्याने स्टेपल करून छापखान्याच्या पाकिटात घातले. पत्रिका साडेतीन एमबीची झाली. चहा आल्यावर वरपित्याने ती आपल्या फोनवर उघडली, जावईबापूंचा चेहरा दोन बोटांनी मोठा करून पाहिला, चष्मा वर सारून पुन्हा पाहिला, आणि शेजारी बसलेल्या प्रस्तुत लेखकाकडे फोन धरीत म्हणाले, "बघा, तीनशेचा फरक लगेच दिसतो."